गिटार स्पीकरला जोडताना: पिकअप, प्रीअँप आणि बाकीच्या भानगडी

एकांकिका स्पर्धेत विंगेत बसून संगीत द्यायचं असो, सोसायटीच्या गणपतीतला कार्यक्रम असो, की एखाद्या छोट्या सभागृहात भावगीतांना साथ करायची असो. घरी शिकलेली गिटार एक दिवस हॉलच्या मिक्सरला जोडावी लागते. आणि जोडल्यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो. घरी गोड वाजणारी गिटार स्पीकरमधून पातळ आणि चिरकी येते, मध्येच घुमायला लागते, नाहीतर आवाजच येत नाही. मग कुणी गिटारला दोष देतं, कुणी साउंडवाल्याला.

खरी गडबड बहुतेक वेळा या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते. तारेपासून स्पीकरपर्यंत जाताना आवाजाचं रूप चार-पाचदा बदलतं आणि प्रत्येक वळणावर काहीतरी गळतं. आपण त्याच वाटेने एकेक पायरी जाऊ. नवीन गिटार घ्यायची असेल, जुन्या गिटारला पिकअप, म्हणजे कंपनांचा विद्युत संदेश करणारा भाग, बसवायचा असेल किंवा आहे तीच नीट वाजवायची असेल, तिघांनाही हीच वाट लागू आहे.

एक गोष्ट खरेदीआधीच सांगतो. आपल्याकडे दुकानात पिकअपवाल्या अकॉस्टिक गिटारला सर्रास ‘सेमी-अकॉस्टिक’ म्हणतात. परदेशी साइटवर तोच शब्द टाकलात तर पातळ पोकळ अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारी समोर येतील. तिथे ‘इलेक्ट्रो-अकॉस्टिक’ शोधा.

पायरी १: आधी केबलशिवाय गिटार समजून घ्या

तार एकटी फारसा आवाज करत नाही. ती इतकी बारीक असते की हवा ढकलायची ताकद तिच्यात नसते. तिची थरथर आधी सॅडलवर येते, म्हणजे ब्रिजमध्ये बसवलेल्या हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्टीवर. तिथून ती ब्रिजमध्ये आणि ब्रिजमधून वरच्या फळीत उतरते. फळी रुंद, पातळ आणि हलकी असते, त्यामुळे ती हवा हलवू शकते. पोकळीतली हवाही भोकातून आत-बाहेर करत खर्जाला आधार देते.

सगळ्यात जाड, सहावी तार मोकळी छेडली की ८२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८२ वेळा, कंप पावते. पाचवी ११०, चौथी १४७, आणि पहिली ३३० हर्ट्झला. नेहमीच्या आकाराच्या गिटारमधली हवा स्वतःच साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. प्रत्येक गिटारची ही जागा थोडी वेगळी असते. ती शोधायची असेल तर गिटारच्या भोकाजवळ तोंड नेऊन खर्जातला ‘ऊ’ काढा आणि हळूहळू स्वर वर-खाली सरकवा. एका ठरावीक स्वराला गिटारची पाठ पोटाशी थरथरेल. तो स्वर लक्षात ठेवा. पुढे फीडबॅकशी, म्हणजे स्पीकरमधल्या त्या घुमण्याशी, लढताना तोच कामाला येतो.

समोर बसलेल्याला ऐकू येतं ते या सगळ्याचं मिश्रण: तार, फळी, हवा आणि वर खोलीच्या भिंती. पिकअपला यातली एकच जागा मिळते, आणि ‘हा माझ्या गिटारचा आवाज नाही’ ही तक्रार तिथूनच सुरू होते. कुठला पिकअप कुठल्या जागी कान लावून बसलाय एवढं कळलं, तर त्याचा आवाज कसा येणार हे गिटार जोडायच्या आधीच सांगता येतं.

पायरी २: तुमच्या गिटारमध्ये कुठला पिकअप आहे ते ओळखा

भोकावर आडवी पट्टी बसवलेली दिसली तर तो चुंबकीय पिकअप. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. अशा पिकअपला लाकडाचं फारसं सोयरसुतक नसतं, त्यामुळे आवाज थोडा इलेक्ट्रिक गिटारकडे झुकतो, पण भरीव असतो आणि फीडबॅकला सहसा पटकन बळी पडत नाही. गिब्सन कंपनीने १९५४ मध्ये आणलेल्या जे-१६०ई या अकॉस्टिक गिटारमध्ये असाच पिकअप होता. पुढे बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या हातात ती दिसली आणि जगभर ओळखीची झाली.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. नायलॉनच्या तारा असलेल्या क्लासिकल गिटारवर हा पिकअप मुका राहतो, कारण नायलॉनला चुंबकाचं काही देणंघेणं नाही. आणि स्टीलच्या तारांतही जाड तारांवर जो ब्राँझचा वेढा असतो तो चुंबकाच्या लेखी नसल्यातच जमा. त्याला फक्त आतला स्टीलचा गाभा दिसतो. म्हणून वेढा नसलेली दुसरी तार उगाच मोठ्याने ओरडते. पिकअपवर प्रत्येक तारेखाली स्क्रू असतील, तर दुसऱ्या तारेखालचा स्क्रू खाली घ्या.

बाहेरून काहीच दिसत नाही, पण गिटारच्या कुशीवर व्हॉल्यूम, बेस, ट्रेबलचं पॅनेल आहे? मग बहुधा सॅडलखाली पिझो आहे. बाजारातल्या बहुतेक पिकअपवाल्या अकॉस्टिक गिटारी या प्रकारच्या असतात. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या दोन बाजूंमध्ये विद्युतदाब तयार होतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधलं. सॅडलखालच्या खाचेत अशा पदार्थाची एक बारीक पट्टी ठेवलेली असते. तार हलली की सॅडल पट्टीवर कमी-जास्त दाब देते आणि त्या दाबाचा विद्युत संदेश होतो. गिटारमध्ये हे रूढ करण्यात ओव्हेशन कंपनीचा मोठा वाटा. ती १९६६ मध्ये सुरू करणारे चार्ल्स कामन हे मुळात हेलिकॉप्टर बनवणारे. कंपनांपासून यंत्र वाचवण्यात हयात घालवलेला माणूस गिटारच्या कंपनांकडे वळला, याची मला नेहमी गंमत वाटते.

पिझोचा गुण असा, की प्रत्येक तार स्वच्छ कळते आणि तारा नायलॉनच्या असोत वा स्टीलच्या, त्याला फरक पडत नाही. दोष असा, की तो फळीपेक्षा तारेचा धक्काच जास्त ऐकतो. हळू वाजवाल तोवर सभ्य. जोरात झोडपायला लागलात की आवाज नाकातून येतो. याला औषध आहे, ते पुढे येईल.

तिसरा प्रकार म्हणजे आतून फळीला चिकटवलेल्या पिझो चकत्या. ब्रिजच्या बरोबर खाली, आतल्या बाजूने त्या लावतात. त्या फळी ऐकतात, म्हणून लाकडाचा आवाज जास्त येतो. गिटारवर बोटांनी ताल धरणाऱ्यांना हा प्रकार आवडतो, कारण टकटकही झकास ऐकू येते. पण जे टकटक ऐकतं ते स्पीकरची घुमणही ऐकतं, तेव्हा मोठ्या आवाजाच्या स्टेजवर जपून.

चौथा म्हणजे गिटारच्या आत बसवलेला छोटा माइक. बहुधा तो दुसऱ्या एखाद्या पिकअपच्या जोडीला असतो. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

हे सगळं हाताने करून पाहायचं असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत वायर जोडलेली पिझो चकती किरकोळ किमतीला मिळते. सोबत एक मोनो जॅक सॉकेट घ्या. चकतीच्या दोन वायरी सॉकेटला सोल्डर करा: पितळेच्या कडेकडून येणारी अर्थला, मधल्या पांढऱ्या भागाकडून येणारी टोकाच्या पट्टीला. वायरी आधीच जोडलेली चकती घ्या असं सांगतोय, कारण पांढऱ्या भागावर सोल्डरिंग गन जास्त वेळ टेकली तर चकती खराब होते. मग दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने ती ब्रिजजवळ वरून चिकटवा आणि गिटार अँपला जोडा. दोन इंच सरकवून पुन्हा ऐका. जागा बदलली की आवाज किती बदलतो हे एका संध्याकाळीत कळतं.

पायरी ३: प्रीअँप का लागतो ते समजून घ्या

या पायरीवर थोडं रेंगाळू, कारण ‘पातळ आवाज’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे सापडतं.

पिझो विद्युतदाब बरा देतो, पण प्रवाह जवळजवळ देत नाही. पुढचं उपकरण त्याच्याकडून जितका प्रवाह ओढेल तितका तो कोसळतो. जुन्या इमारतीत खालच्याने मोठा नळ सोडला की वरच्या मजल्याची धार जाते, तसंच काहीसं. उपकरण किती ओढतं हे त्याच्या इनपुट इम्पीडन्सवरून कळतं. आकडा मोठा, तर ओढ कमी. ओहममध्ये मोजतात.

आता यात एक पेच आहे. सगळा आवाज सारखा कमी झाला असता तर व्हॉल्यूम वाढवून भागलं असतं. पण पिझो हा वायरिंगच्या दृष्टीने एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो, त्यामुळे आधी जातो तो खर्ज. उदाहरणादाखल एक नॅनोफॅरडचा (कपॅसिटर फॅरडमध्ये मोजतात) पिझो धरा. तो मिक्सरच्या दहा हजार ओहमच्या लाइन इनपुटला थेट जोडला तर साधारण १६,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. म्हणजे जवळजवळ संपूर्ण गिटारच. उरते ती फक्त किणकिण. गिटार अँपला दहा लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा इनपुट असतो. तिथे ही सीमा १६० हर्ट्झवर येते. बरं वाजतं, पण वर दिलेले आकडे आठवा: सहावी, पाचवी आणि चौथी तार या सीमेच्या खालीच राहते. दहा मेगाओहमचा इनपुट मिळाला की सीमा १६ हर्ट्झवर जाते आणि गिटारचं काहीच कापलं जात नाही.

प्रीअँपचं पहिलं काम हे. समोर प्रचंड मोठा इम्पीडन्स धरून पिझोला मोकळं वाजू द्यायचं आणि मागे मिक्सरला चालेल असा दमदार संदेश द्यायचा. बेस, ट्रेबल, ट्यूनर या वरच्या सोयी. कुशीवर पॅनेल असलेल्या गिटारमध्ये प्रीअँप आतच असतो आणि बहुतेक ठिकाणी तो नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतो.

बॅटरीचा स्विच कुठे असतो? जॅकमध्ये. गिटारच्या सॉकेटला आतून तीन पट्ट्या असतात. साधी मोनो केबल खुपसली की त्यातल्या दोन पट्ट्या जोडल्या जातात आणि बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, वाजवून झालं की केबल काढा, नाहीतर गिटार कोपऱ्यात उभी असतानाही बॅटरी खर्च होत राहते. दोन, हेडफोनच्या जातीची स्टीरिओ केबल लावलीत तर कित्येक गिटारींचा प्रीअँप चालूच होत नाही. प्लगवर दोन काळ्या रिंगा असतील तर ती स्टीरिओ. आपल्याला एक रिंगवाली हवी.

गिटारमध्ये प्रीअँप नसेल, म्हणजे पॅनेलही नाही आणि बॅटरीही नाही, तर तो पॅसिव्ह पिकअप. त्याला बाहेरचा प्रीअँप घ्या. केबलही आखूड ठेवा. पॅसिव्ह पिझोला लांब केबल लावली तर आवाजाची पातळी पडते, आणि स्वस्त केबल नुसती जमिनीवर हलली तरी स्पीकरमध्ये खसखस ऐकू येते.

महागड्या पिकअपपेक्षा चांगल्या प्रीअँपवर पैसे घाला, हा माझा नवख्यांना आग्रह. साधा पिकअप चांगल्या प्रीअँपमधून निभावून जातो, उलटं होत नाही.

पायरी ४: दुकानात काय पाहायचं

मुंबईत बहुतेकांची पहिली फेरी धोबी तलावला होते. १८६५ पासून चालत आलेलं फुर्टाडोज तिथलंच. दुकान कुठलंही असो, क्रम सोडू नका.

गिटार आधी केबलशिवाय वाजवा. न जोडता आवडली नाही ती जोडून आवडणार नाही, आणि घरी नव्वद टक्के वेळ तुम्ही ती न जोडताच वाजवणार आहात. मग जोडायला सांगा. दुकानदार प्रेमाने अँपवर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीसारखा घुमारा, चढवून देईल. नम्रपणे शून्यावर आणायला लावा. गिटारचे सगळे स्लायडर मधोमध. एकेक तार सारख्याच जोराने छेडा: एखादी दबलेली किंवा उसळणारी वाटते का? तशी असेल तर पिझो किंवा सॅडल नीट बसलेलं नाही. मग स्लायडर सावकाश वर-खाली करा, खरखर ऐका. शेवटी जॅकमधली केबल हलक्या हाताने हलवा. आवाज तुटला तर दुसरी गिटार मागा.

पॅनेलबद्दल एक मत. कुशीवर मोठं चौकोनी पॅनेल बसवायला लाकूड कापावं लागतं. काही वर्षांनी तो प्रीअँप गेला आणि त्याच मापाचा मिळाला नाही, तर गिटारला भोक तेवढं उरतं. भोकाच्या आतल्या कडेला दोन छोट्या चाकत्या असलेले प्रीअँप मिळतात. तशी गिटार परवडत असेल तर ती घ्या.

आणि सॉलिड लाकडाच्या फळीचा फार बाऊ करू नका. न जोडता ती नक्कीच छान वाजते, पण जी फळी मोकळी थरथरते तीच स्पीकरच्या आवाजानेही थरथरते. वर सांगितलेल्या जे-१६०ईची फळी फीडबॅक टाळण्यासाठी मुद्दाम प्लायवूडची केली होती.

पायरी ५: जुन्या गिटारला पिकअप बसवायचा असेल तर

भोकावर बसणारा चुंबकीय पिकअप तुम्ही स्वतः लावू शकता, एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. आतून चिकटवायच्या चकत्याही जमतात. फक्त कायमचं चिकटवण्याआधी टेपने लावून दोन-तीन जागा ऐकून पाहा.

सॅडलखालचा पिझो मात्र गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. खाचेचा तळ आणि सॅडलचा खालचा काठ दोन्ही अगदी सपाट हवेत. कागदाएवढी फट राहिली तरी त्या जागेवरची तार दबते. शिवाय पट्टीच्या जाडीइतकं सॅडल वर उचललं जातं, म्हणून तेवढं खालून घासावं लागतं. नाहीतर तारा उंच होतात आणि बोटं दुखतात. काम परत घेताना तिथेच बसून सहाही तारा जोडून ऐका. दोन तारा दबलेल्या असतील तर त्या त्याच दिवशी दाखवा.

पायरी ६: हॉलमध्ये जोडण्याचा क्रम

आधी साउंडवाल्याशी बोला. त्याला तीन गोष्टी सांगा: गिटारमध्ये प्रीअँप आहे की नाही, कार्यक्रमात मुख्यतः झोडपायचंय की एकेक तार छेडायचीय, आणि सोबत कोण आहे. तबला-ढोलकी असेल तर गिटारचा खर्ज तसाही कमी करावा लागणार. हे आधी कळलं तर त्याचं काम सोपं होतं, आणि ज्याचं काम सोपं होतं तो तुमच्याकडे लक्ष देतो.

गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स मागा. गिटारच्या साध्या केबलवर पाच-सहा मीटरनंतर भरवसा ठेवू नये. मिक्सर तर हॉलच्या मागच्या टोकाला असतो. डीआय बॉक्स त्या संदेशाचे दोन उलटसुलट नमुने करून माइकच्या तीन पिनांच्या केबलमधून पाठवतो. वाटेत शिरलेली गुणगुण दोन्हींत सारखीच असते, म्हणून पलीकडे एकातून दुसरा वजा केला की ती गळते आणि गिटार उरते. प्रीअँपवाल्या गिटारला कुठलाही डीआय चालतो. पॅसिव्ह पिझोला बिनबॅटरीचा, ट्रान्सफॉर्मरवाला डीआय देऊ नका. त्याचा इम्पीडन्स साधारण दीड लाख ओहमच्या आसपास असतो. मघाच्या हिशेबाने हजार हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला. अशा वेळी ॲक्टिव्ह डीआय मागा. तो बॅटरीवर किंवा मिक्सरकडून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालतो.

केबल लावताना-काढताना चॅनल म्यूट असू द्या. नाहीतर जो धडाका होतो त्याने स्पीकर आणि साउंडवाला दोघेही दुखावतात. गिटारचा व्हॉल्यूम पाऊण, स्लायडर मध्यावर. आता कार्यक्रमात जितक्या जोरात वाजवणार आहात तितक्याच जोरात वाजवा. साउंडचेकला लाजत वाजवून प्रयोगात झोडपणारे पुष्कळ असतात, आणि मग लाल दिवा लागतो.

नाकातला आवाज काढायचा असेल तर मिक्सरवर दीड ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान थोडं कमी करून पाहा. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथे गिटारचं काही नसतं. वाढवण्यापेक्षा कमी करण्यातून आवाज लवकर सुधारतो. रिकाम्या हॉलमध्ये आवाज जरा जास्त चमकदार वाटला तर घाबरू नका. माणसं येऊन बसली की वरचे स्वर त्यांच्या कपड्यांत शोषले जातात.

पायरी ७: घुमायला लागली तर

स्पीकरमधून निघालेला आवाज फळीला हलवतो, पिकअप ते पकडतो, ते पुन्हा स्पीकरमधून निघतं, आणि हे चक्र वाढत जातं. अकॉस्टिक गिटारमध्ये ही घुमण बहुधा खर्जातली असते, पहिल्या पायरीत शोधलेल्या त्या स्वराच्या आसपास.

आधी जागा बदला. मॉनिटर स्पीकर, म्हणजे वादकाला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर, थेट गिटारच्या भोकाकडे रोखलेला नको. थोडं तिरपं बसलात तरी फरक पडतो. मग पॅनेलवर फेज नावाचं बटण असेल तर ते दाबा. स्पीकर हवा ढकलत असताना फळी बाहेर येत होती, ती आता आत जाईल. त्या अंतरावर ते जुळलं तर घुमण थांबते, नाहीच जुळलं तर बटण पूर्ववत करा. नॉच नावाची चकती असेल तर ती हळूहळू फिरवून घुमणारा स्वर गाठा. नसेल, तर साउंडवाल्याला तो स्वर गाऊन दाखवा. जाणता माणूस ईक्यूवर, म्हणजे खर्ज-वरचे स्वर कमी-जास्त करणाऱ्या बटणांवर, तो लगेच पकडतो.

आणि भोकावर बसणारी रबराची गोल चकती बॅगेत ठेवा. दिसायला साधी आहे, पण हवेचं आत-बाहेर करणं बंद झालं की निम्मी भांडणं मिटतात. न जोडता गिटार दबकी वाजेल. स्टेजवर त्याची पर्वा नाही.

पायरी ८: गुणगुण आणि अर्थिंग

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वायरिंगमधून शिरणारी गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झला ऐकू येते. नाट्यगृहात दिवे मंद करणाऱ्या डिमरमुळे चुंबकीय पिकअपमध्ये खरखरही येते. दिवे पूर्ण असताना शांत आणि अर्धे केले की खरखर, असं झालं तर दोष तुमच्या गिटारचा नाही. बसल्या जागी थोडं वळून पाहा. दिशा बदलली की ती कमी-जास्त होते. दोन वेढ्यांचा, हमबकर जातीचा पिकअप असेल तर हा त्रास मुळातच कमी.

गुणगुण सतत असेल तर अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर आहेत का पाहा. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा.

हे मात्र कधीही करू नका: गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणं. मांडवात हा उपाय सर्रास सुचवला जातो. पावसात ओली जमीन, हातात तारा आणि ओठांशी धातूचा माइक, असा शॉक जिवावर बेतू शकतो. अर्थिंगची शंका आली तर इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत गिटार जोडू नका, कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी चालेल.

पायरी ९: मुंबईची हवा

गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे ती ऐंशीच्या वर असते. लाकूड पाणी पितं, फळी फुगते, तारा उंच होतात आणि सॅडलचा पिझोवरचा दाबही बदलतो. मे महिन्यात समतोल वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये एखादी तार दाबायला लागली तर आधी हवेला जबाबदार धरा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. एसी स्टुडिओतून बाहेर आल्यावर गिटार लगेच बॅगेत कोंबू नका.

स्लायडर आणि जॅकवर दमट हवेने गंज धरतो. इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि स्लायडर वीसेक वेळा वर-खाली, एवढ्याने खरखर बहुधा जाते. महिनाभर वाजवणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा.

लोकलमध्ये बॅग उभी ठेवताना सगळं वजन खालच्या जॅकवर येत नाही ना, ते पाहा. धक्क्याने जॅकभोवतीचं लाकूड तडकतं. जॅकची नटही सैल होत राहते. ती बाहेरून नुसती आवळत बसलात तर आतला जॅक सोबत फिरतो आणि वायर पिळून तुटते. भोकातून हात घालून जॅक धरा, मगच नट आवळा.

पायरी १०: आवाजच आला नाही तर

घाम न फोडता एकेक तपासा. केबल बदला, सर्वाधिक वेळा तीच गेलेली असते. ती एक रिंगवाली मोनोच आहे ना, पाहा. प्लग शेवटपर्यंत खटकन बसलाय का? गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर तर नाही? काही गिटारींत ट्यूनर चालू असताना आवाज बंद होतो, तो बंद करा. मग बॅटरी बदला. आवाज येतोय पण जोरात वाजवलं की फाटतो, हेही बॅटरी संपत आल्याचंच लक्षण. दोन सुट्या बॅटऱ्या बॅगेत असाव्यातच. डीआय ॲक्टिव्ह असेल तर फँटम पॉवर चालू आहे का, आणि चॅनलचं म्यूट काढलंय का, हे साउंडवाल्याला विचारा.

यानेही काम झालं नाही आणि पडदा वर जायला पाच मिनिटं राहिली असतील, तर पिकअपचा नाद सोडा आणि एक साधा डायनॅमिक माइक स्टँडसकट मागून घ्या. तो भोकासमोर लावू नका, तिथे नुसता घुमतो. गिटारची मान जिथे पोकळ अंगाला मिळते त्या सांध्याकडे रोखून, वीतभर अंतरावर ठेवा. मॉनिटरमधून गिटार पूर्ण काढायला सांगा, ढोलकीवाल्याला थोडं लांब बसवा, आणि संपूर्ण कार्यक्रमात त्या माइकपासून हलू नका.